पत्रकातली मुलगी

मुलगी सात वर्षांची होती. तिची आई मस्कतच्या एका इस्पितळात नर्स होती, आणि आता दुसऱ्या एका इस्पितळात कमरेचं हाड मोडून पडली होती. रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं होतं. वडील दुक्मला, बंदराच्या कामावर वेल्डर. कॅम्पात एका खोलीत सहा माणसं. तिथे पोर नेता येत नाही, आणि दुक्मचं अंतर असं की माणूस दोन महिन्यांतून एकदा मस्कतला येतो. आई काठीवर उभी राहायला दोन महिने तरी लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढे दिवस मुलीने राहायचं कुठे, हा प्रश्न आमच्या मराठी मंडळाच्या मदत समितीकडे आला. समितीने तो माझ्याकडे दिला, कारण समितीत बिनलग्नाची आणि दुपारी दोननंतर मोकळी अशी मी एकटीच होते. मी एका भारतीय शाळेत प्राथमिकला शिकवत होते. चार शिक्षिका मिळून शाळेच्या फ्लॅटवर राहायचो. तिथे मुलीला ठेवायला परवानगी नव्हती.

समितीचं एरवीचं काम ठरलेलं होतं. कोणाचा पासपोर्ट अर्बाबने, म्हणजे तिथल्या मालकाने, अडवलाय, कोणाचं पार्थिव गावी पाठवायचंय. मूल सांभाळायला द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. कसं द्यायचं, कोणाला विचारून द्यायचं, दिल्यावर कोणी बघायचं, याचा कुणालाच पत्ता नव्हता. अध्यक्षांनी दोन फोन केले आणि कुरुमला एक घर मिळालं. काका एका मोठ्या कंपनीत, काकू घरी, मुलगा अमेरिकेत. मोठा फ्लॅट, रिकामी खोली, खिडकीतून समुद्र. सगळ्यांना हायसं वाटलं. मी दर एक दिवसाआड मुलीला टॅक्सीने आईकडे न्यायचं आणि परत आणून सोडायचं, असं ठरलं.

मुलीची आई आदिवासी होती. हे मला तिने तिसऱ्या भेटीत सांगितलं, वॉर्डात आसपास कोणी नसताना. आडनावावरून कळत नव्हतं आणि तिने मस्कतमध्ये कधी कोणाला कळू दिलं नव्हतं. मी हे सगळं तिला विचारून लिहिते आहे. जमातीचं नाव लिहू नका म्हणाली, म्हणून ते लिहिलेलं नाही.

तिने सांगितलं तेव्हा मला मनातून आनंद झाला, हे कबूल करायला हवं. माझ्या घरी पत्रकंच पत्रकं होती. वडील आणि त्यांचे सोबती जंगलजमिनीच्या मोर्चांची पत्रकं काढायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्या चुकलेल्या प्रुफांवर, आणि घड्या घालायला शिकले ती पाच वर्षांची असताना. आदिवासी हा शब्द माझ्या घरात रोजचा होता. पण एकही आदिवासी माणूस आमच्या घरी चार दिवस राहिलेला मला आठवत नाही. हे माझ्या लक्षात आलं ते फार नंतर.

कुरुमच्या काकू वाईट नव्हत्या. त्यांनी मुलीला चार फ्रॉक आणले, खोलीत गुलाबी चादर घातली. पण दुसऱ्याच आठवड्यात मला घर खटकायला लागलं. मुलगी चार वर्षांची होईपर्यंत गावी आजीकडे वाढली होती. आईशी ती त्यांच्या भाषेत बोलायची, शाळेत इंग्रजीत. मराठी तिची तिसरी भाषा. काकू तिचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायच्या. दुरुस्त होता होता मुलगी बोलायचीच बंद झाली. ती जमिनीवर झोपायची, काकू तिला उचलून पलंगावर ठेवायच्या. सुक्या मासळीशिवाय तिला जेवण जेवणच वाटायचं नाही. तो वास त्या घरात येणं शक्य नव्हतं. संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडून श्लोक म्हणायचे. मी गेले की काकू तिला पुढे उभी करायच्या आणि म्हणायच्या, बघ, किती सुधारली. मुलगी भिंतीकडे बघत पाठ केलेलं म्हणून दाखवायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण मी चहा पिऊन गप्प बसायचे, कारण दुसरं घर नव्हतं.

मग आंबे आले. एप्रिलअखेर रत्नागिरीचा हापूस मस्कतला आला की मराठी घरांत दुसरा विषय नसतो. काकूंनी पहिली पेटी आणली आणि आमरस केला. मुलीने वाटीला हात लावला नाही. काकूंनी समजावलं, मग रागावल्या, मग चमच्याने भरवलं. मुलगी ओकली. गुलाबी चादर, फ्रॉक, सगळं खराब झालं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काकूंचे डोळे रडून लाल होते. एवढ्या प्रेमाने करावं आणि पोरीने असं करावं. त्यांच्या मते या मुलीचं काहीतरी बिनसलेलं होतं, आणि ते आपल्या आवाक्यातलं नव्हतं.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. आखाजी, तुमची अक्षय्य तृतीया, झाल्याशिवाय आमच्यात आंबा खात नाहीत, ती म्हणाली. पहिला आंबा घरातल्या मेलेल्या माणसांचा. त्यांना दाखवल्यावर मग पोरांनी खायचा. गेल्या वर्षी मुलीचा आजा वारला होता, तिचा फार लाडका. आज्याच्या आधी आंबा खाल्ला, असं त्या पोरीला वाटलं असणार. एवढं बोलून तिने मला काकूंना इतकंच सांगायला सांगितलं, की तिला आंबा सोसत नाही. बाकी काही नको.

मी तेवढंच सांगितलं. पण उशीर झाला होता. काकूंनी अध्यक्षांना फोन केला होता, आणि अध्यक्षांनी तोडगा काढला होता. त्यांच्या ओळखीच्या माणसांची भारतात एक निवासी शाळा होती. फी माफ, जेवण-कपडे फुकट, वर संस्कार. मुलीला तिथे पाठवायचं, आई बरी झाली की पुढचं पुढे. वडिलांना त्यांनी दुक्मला फोन केला. ते म्हणाले, साहेब म्हणतील तसं. शनिवारी समितीची बैठक ठेवली. शुक्रवार-शनिवार सुट्टी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, तो तसला पहिलाच शनिवार. तिथे ठरल्यावर लगेच मंगळवारच्या विमानाचं तिकीट निघणार होतं. शाळेत एकदा नाव घातलेलं मूल वर्ष मोडून परत येत नाही, हे मी शिक्षिका म्हणून जाणून होते. आणि आईला हे अजून कोणी सांगितलंच नव्हतं. वडिलांची संमती आहे ना, मग पुरे, असं अध्यक्ष म्हणाले.

मला जे येत होतं ते मी केलं. गुरुवारी दुपारी बसून पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘हे संस्कार की अपहरण?’ ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुलं घरांतून उचलून गोऱ्यांच्या वसतिगृहांत कशी घातली, त्यांची भाषा कशी तोडली, हे मी वाचलं होतं, ते लिहिलं. मग लिहिलं, की तेच आज मस्कतमध्ये आपल्या मंडळात घडतं आहे. एका आदिवासी नर्सच्या मुलीच्या तोंडात कुरुमच्या एका सुशिक्षित घरात आंबा कोंबला जातो, तिच्या मेलेल्या आजोबांचा मान मोडला जातो, आणि वर तिलाच बिघडलेली ठरवून देशाबाहेर काढलं जातं. नाव कोणाचंच लिहिलं नाही. मला वाटलं, नाव नाही म्हणजे झालं.

मस्कतच्या हमरिया भागातल्या झेरॉक्सवाल्याने कागद बघून विचारलं, “टीचर, ये बाँटने का है क्या? इधर परमिशन लगता है.” मी म्हटलं, स्कूल का काम है. त्याने खांदे उडवले आणि चाळीस प्रती काढून दिल्या.

शुक्रवारी महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता. हॉलच्या दाराशी उभी राहून मी त्या वाटल्या. लोकांना वाटलं कार्यक्रमपत्रिका आहे; हसत हसत घेतल्या. लावणी चालू असताना मागच्या रांगांत कागदांची सळसळ मला ऐकू येत होती. मध्यंतराला कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला. ते तेव्हा सगळ्यांच्या हातात नवं नवं आलं होतं. मस्कतमध्ये अपघातात हाड मोडून पडलेली, लहान मुलगी असलेली, कुरुमच्या घरात मूल ठेवलेली मराठी नर्स एकच होती.

शनिवारी बैठकीला काकू स्वतः आल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “माझ्या घरावर पत्रक काढलंत,” त्या अध्यक्षांकडे बघून म्हणाल्या. “मी रात्र रात्र त्या पोरीपाशी बसले. उद्या सकाळी तिला घेऊन जा.” काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला बोलायचं होतं, की रात्र रात्र बसलात हे खरं आणि कोंबलंत हेही खरं. पण बोलून आता कोणाचं काही भलं होणार नव्हतं.

अध्यक्ष चिडले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. त्यांनी सांगितलं, की दुक्मच्या कॅम्पातही पत्रक पोचलं आहे. तिथली पोरं मुलीच्या बापाला सकाळपासून विचारताहेत, काय रे, तू जंगलातला का, धनुष्यबाण आणलास का. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, साहेब, पोरीला लवकर गावी पाठवा. “बेटा,” अध्यक्ष मला म्हणाले, “तू जे थांबवायला निघाली होतीस ते उलट पक्कं करून ठेवलंस.” पत्रकाची एक प्रत त्यांच्यासमोर टेबलावर होती. आईची सही तेवढी आणा, म्हणजे प्रवासात अडचण नको, असं ठरलं. आणि ती आणायला मलाच पाठवलं.

इस्पितळाच्या लिफ्टमध्ये मी मनात भाषण जुळवत होते. वॉर्डात आईच्या हातात फोन होता, त्यावर पत्रकाचा फोटो. शेजारच्या खाटेवरच्या बाईची मराठी पाहुणी नुकतीच तिला विचारून गेली होती, सिस्टर, तुम्ही मग कोट्यातून नर्सिंग केलंत का?

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं लिहायला?” तिने विचारलं.

मी म्हटलं, तिला पाठवणार होते, थांबवायला हवं होतं.

“मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला. सगळ्या मस्कतला नाही.” आवाज अजिबात चढलेला नव्हता. “आठ वर्षं मी इथे काम करते. माझ्या हातून सुई चांगली लागते म्हणून डॉक्टर मला बोलावतात. उद्यापासून म्हणतील, आदिवासी असून चांगली लागते. हे तुम्हाला कळायचं नाही.”

मग तिने जे सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं. सहाव्या वर्षी तिला आश्रमशाळेत घातलं होतं. तिथल्या बाईंना तिचं नाव म्हणता येईना म्हणून त्यांनी दुसरं ठेवलं. तेच आजही पासपोर्टवर आहे. दिवाळीत घरी गेली तर आजीशी बोलताना मध्येच शब्द सापडेना. आजी हसली, मग थोड्या वेळाने बोलायचीच थांबली. मुलीला चार वर्षं गावी तिच्या आजीकडे ठेवली ती त्यासाठीच, आणि मस्कतला आणल्यावर घरात एकही मराठी शब्द वापरायचा नाही, हा नियमही त्यासाठीच. “आणि तिला तुम्ही परत तिकडे पाठवणार.”

मी नाही, समिती, असं मी म्हणणार होते, पण सहीचा कागद माझ्याच हातात होता.

सही करणार नाही, ती म्हणाली. पण नुसतं नाही म्हणून मुलीला झोपायला जागा मिळत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. उद्या सकाळी कुरुमच्या घरातून मुलगी बाहेर, मंगळवारी विमान. तिने माझ्याकडून एक कागद मागितला आणि उताणी पडल्या पडल्या, फाइलीवर टेकवून, स्वतः पत्र लिहायला घेतलं. मी म्हटलं, मी लिहून देऊ का, तुम्ही सही करा. “तुम्ही काहीच लिहू नका,” ती म्हणाली. “तुम्ही हमरियाला जा.”

हमरियात रत्नागिरीकडच्या एका मुस्लिम माणसाचं वाण्याचं दुकान होतं. वर घर. त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं या नर्सने केली होती. दुसरं अवघड गेलं होतं, आणि ड्युटी संपल्यावरही ती सहा तास थांबली होती. ही बाई, सगळ्यांच्या भाभी, तिला माहेरची मानायची. हे घर मुलीच्या आईच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं. समितीने तिला कधी विचारलंच नव्हतं, कोणाकडे ठेवायचं म्हणून. आणि मीही विचारलं नव्हतं.

दुकानाच्या मागच्या जिन्यावर आंब्याच्या पेट्या रचलेल्या होत्या. भाभींनी मला आधी बसवलं, पाणी दिलं, मग ऐकलं. पत्रक त्यांच्यापर्यंतही आलं होतं, पण त्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

“काय खाते, काय नको, तेवढा सांग,” त्या म्हणाल्या. “बाकी तिची आई सांगेल मला.”

मी आंब्याचं सांगितलं. इथे तर घरभर आंबा, असंही म्हटलं. “मग काय झाला? रोजाचे दिवशी पण घरात भात असतो गो,” भाभी म्हणाल्या आणि आपल्या पोरांना हाक मारून त्यांनी बजावलं, की एक पाहुणी येणार आहे, तिला आंबा दे दे करायचं नाही. धाकट्याने कारण विचारलं. “तिचा नेम आहे,” त्या म्हणाल्या. पोरगा बरं म्हणून खेळायला पळाला. कुरुमच्या घरात दोन माणसांना जे पेललं नाही ते इथे जिन्यात उभ्या उभ्या उरकलं. मला खरं तर याचाही राग आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना.

राहिली समिती. संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी मी आईचं पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. त्या घराला ते वाईट म्हणत नव्हते, पण त्यांचं म्हणणं होतं, की आपल्या मुलीला मुसलमानाच्या घरी मंडळाने ठेवलं असं उद्या झालं तर गावाकडून काय काय ऐकावं लागेल. वर पत्रकाचा तमाशा ताजा आहे. आता तेच पत्रक उलटं फिरेल. माझ्या जिभेवर दहा उत्तरं होती. ‘आपल्या मुलीला’ या दोन शब्दांवरच मी त्यांना अर्धा तास उभं केलं असतं. मी ओठ आवळून बसले, कारण पत्रात शेवटची ओळ होती, की माझ्या वतीने इतर कोणी बोलू नये.

त्यांनी तिथूनच आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती वॉर्डातल्या नर्सच्या आवाजात बोलली, पेशंटच्या नातेवाइकांना समजावतात त्या आवाजात. मुलीला कुठे ठेवायचं हे पत्रात लिहिलं आहे. संमती नसताना तिला विमानात बसवलं तर मी खाटेवरूनच दूतावासाला फोन करीन. मंडळाने आजवर केलं त्याचे आभार आहेत. अध्यक्ष म्हणाले, पण मुलीच्या वडिलांनी तर हो म्हटलंय. तिने पाच मिनिटं मागितली.

अध्यक्षांच्या पत्नीने चिवडा आणून ठेवला. कोणी हात लावला नाही. पाचाची वीस मिनिटं झाली. ती नवऱ्याशी काय बोलली ते मला माहीत नाही. पुढेही तिने सांगितलं नाही. मग अध्यक्षांचा फोन वाजला. दुक्महून होता. हाच माणूस सकाळपर्यंत साहेब म्हणतील तसं म्हणत होता. आता म्हणाला, साहेब, तिची आई म्हणेल तसं. आणि कॅम्पातल्या पोरांचं मी बघून घेईन.

अध्यक्षांनी फोन खाली ठेवला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पण मंडळाच्या कागदावर हे नाही. तुझ्या जबाबदारीवर.” मी म्हटलं, माझ्या नाही सर, आईच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुरुमला मुलीला घ्यायला गेले. काकूंनी चारही फ्रॉक इस्त्री करून बॅगेत भरले होते. मी दारात उभी राहून म्हटलं, काकू, मी तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं. त्यांनी बॅगेची चेन लावली. म्हणाल्या, हो, हवं होतं. मुलीच्या केसांवरून हात फिरवून त्या आत गेल्या. पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण ती वाक्यं माझी नव्हती.

पुढचे सात आठवडे मुलगी हमरियात राहिली. इस्पितळात तिला भाभी नेऊ लागल्या. माझी पाळी आठवड्यातून एकदा, तीही आईला आधी फोन करून. कधी ती या म्हणायची, कधी आज नको. आज नको म्हणाली की मी कारण विचारत नसे. भाभींच्या पोरांशी मुलगी आधी इंग्रजीत, मग त्यांच्या कोकणी बोलीत भांडायला लागली. गादीवर नाही, त्यांच्या ओळीत खाली चटईवर झोपायची. एका शुक्रवारी वडील आले, दुक्महून रात्रभर बसने. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, तुम्ही टीचर ना. मी हो म्हटलं. बस, एवढंच.

जूनच्या शेवटी आईला घरी सोडलं. मी टॅक्सी केली. भाभी मुलीला घेऊन आधीच पोचल्या होत्या आणि गॅसवर काहीतरी शिजवून ठेवून परत दुकानाकडे गेल्या होत्या. आई दोन कुबड्यांवर जिना चढत होती, पायरी पायरीला थांबत; मी मागे बॅगा घेऊन. शेजारची केरळी बाई दार उघडून बाहेर आली. बाईने तिची चौकशी केली, दुखण्याचं विचारलं, मग आईच्या बंद दाराकडे बघून म्हणाली, “बच्ची इतने दिन किधर थी?”

मी खालच्या पायरीवर होते. आईने श्वास घेतला.

“मेरी बहन के पास,” ती म्हणाली.

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, हीच ती बहीण. आईने तिचा गैरसमज दूर केला नाही, आणि तिला पुढेही काही सांगितलं नाही. मुलीने आतून कडी काढली. मी बॅगा उंबऱ्याच्या आत ठेवल्या, औषधांची पिशवी वेगळी ठेवली आणि निघाले. आईने थांबा म्हटलं नाही. दार लागलं आणि आत दोघी त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या, भराभर, एकमेकींना तोडत. मला त्यातलं काही कळलं नाही. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.